तिसऱ्या मजल्यावरून स्लाऊला: काउन्सिल घरांच्या तिहेरी अदलाबदलीचं एक प्रकरण

मी पश्चिम लंडनमधल्या एका सल्ला केंद्रात आठवड्यातून एक संध्याकाळ बसतो, फुकट. घरभाडं, बेनिफिट, काउन्सिल टॅक्स असल्या कागदांचे गठ्ठे घेऊन लोक येतात. त्यातलंच हे एक प्रकरण, ज्यांचं आहे त्यांना विचारून लिहितोय. ओळख पटू नये म्हणून थोडेफार तपशील बदललेत आणि नावं दिलेलीच नाहीत, त्यामुळे वहिनी, दादा आणि आजी एवढ्यावर भागवा. आजी म्हणजे आपल्याकडच्या नव्हेत, गोऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या.

पार्श्वभूमी

वहिनी लालबागच्या चाळीत वाढलेल्या. लग्न होऊन इकडे आल्या, आता दोघांकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. दादा हीथ्रोला कार्गोत, बहुतेक रात्रपाळी, वहिनी शाळेच्या किचनमध्ये. २०१५ मध्ये प्रायव्हेट लँडलॉर्डनं कारण न देता घर खाली करायला लावलं, वर्षभर टेम्पररी घरात काढलं, मग २०१६ मध्ये हॅरोच्या बाजूला काउन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्यानं मिळाला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. पहिलं वर्ष इंट्रोडक्टरी म्हणजे चाचणीची टेनन्सी (भाडेकरार), तेवढ्यात घर अदलाबदलीचा हक्क नसतो, त्यानंतर ती सिक्युअर झाली. आयुष्यभराची टेनन्सी, दोघांच्या नावावर. यातला 'आयुष्यभराची' हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच फिरतं.

अडचण

मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊ. इथल्या हिशोबात दोन्ही मुलं दहाच्या आत असतील तर भाऊ-बहीण एका खोलीत चालतात, एक जण दहाच्या वर गेला की वेगळी खोली धरतात. म्हणजे कागदावर यांना तीन बेडरूम लागतात आणि आहेत दोन. प्रत्यक्षात काय चालायचं तर दादा सकाळी सातला ड्युटीवरून यायचे, मुलं शाळेत गेली की त्यांच्या बेडवर झोपायचे, साडेतीनला मुलं आली की उठून हॉलमधल्या सोफ्यावर. "अहो भाऊ, आमच्या घरात गादी कधी थंडच होत नाही," असं वहिनी पहिल्याच भेटीत म्हणाल्या आणि मला हसावं का काय कळेना.

काय काय पर्याय होते

पहिला पर्याय काउन्सिलच्या ट्रान्सफर लिस्टचा. अर्ज आधीच केलेला होता, पण एकच खोली कमी पडत असेल तर बँड, म्हणजे प्राधान्याचा गट, खालचा मिळतो, आणि लंडनमध्ये तीन बेडरूमचं घर आलं की त्यावर इतके जण बोली लावतात (पैशाची नव्हे, नुसती मागणी नोंदवतात) की या लोकांचा नंबर येईपर्यंत मुलगा कॉलेजला गेला असता. दुसरा, प्रायव्हेट भाड्यानं घर घ्यायचं. ते मी सरळ नको म्हणालो, कारण आयुष्यभराची टेनन्सी एकदा सोडली की परत मिळत नाही, आणि यांनी एकदा रस्त्यावर यायची वेळ पाहिलेली आहे.

तिसरा पर्याय म्हणजे म्युच्युअल एक्स्चेंज, सगळे स्वॅपच म्हणतात. सोशल हाउसिंगमधले, म्हणजे काउन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशन नावाच्या ना-नफा संस्थांच्या घरांतले, दोन किंवा जास्त भाडेकरू आपसात घरं बदलतात. १९८५ च्या हाउसिंग अ‍ॅक्टच्या कलम ९२ नं सिक्युअर भाडेकरूला हा हक्क दिलाय. लँडलॉर्डची लेखी परवानगी लागते, पण नाही म्हणायची कारणं कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात मोजून दिलीत: घर खाली करायचा आदेश किंवा केस असेल, येणाऱ्याच्या गरजेपेक्षा घर फारच मोठं असेल, किंवा कमी पडत असेल, अपंग माणसासाठी बदल केलेलं घर असेल आणि येणाऱ्यांत तसं कोणी नसेल, अशी. त्या यादीबाहेरचं कारण चालत नाही.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण मान डोलावून विसरतो. स्वॅपमध्ये घराची अदलाबदल होत नाही, टेनन्सीची होते. समोरच्याचा करार जसाच्या तसा तुमच्या गळ्यात पडतो, त्याचं भाडं, त्याच्या अटी, मुदत असेल तर मुदतसुद्धा.

पहिला स्वॅप, जो नाकारला

जानेवारी २०२५ मध्ये वहिनींनी होमस्वॅपर या वेबसाइटवर नाव घातलं. आपला लँडलॉर्ड मेंबर असेल तर भाडेकरूला ते फुकट पडतं. फोटो काढायला मीच सांगितलं, पसारा आवरून, दिवसाउजेडी. मार्चमध्ये एक मॅच आला, तीन बेडरूम, नवी कोरी बिल्डिंग, लिफ्ट, बाल्कनी. वहिनी जाऊन बघून आल्या आणि रात्रीच फोन, "भाऊ, हेच घ्यायचं."

मी म्हटलं, त्या बाईंच्या टेनन्सी अ‍ॅग्रीमेंटचं पहिलं पान फोटो काढून पाठवायला सांगा. पान आलं. हाउसिंग असोसिएशनची पाच वर्षांची फिक्स्ड टर्म, त्यातली दोन उरलेली, आणि भाडं 'अफोर्डेबल रेंट'. हा शब्द ऐकून लोक फसतात. अफोर्डेबल म्हणजे बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत, तर यांचं चालू भाडं 'सोशल रेंट', जे त्याच्या बरंच खाली असतं. २०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टमध्ये जुन्या आयुष्यभराच्या टेनन्सीला अशा अदलाबदलीत संरक्षण आहे, पण ती टेनन्सी १ एप्रिल २०१२ च्या आधीची पाहिजे. यांची २०१६ ची. म्हणजे बाल्कनीसाठी आयुष्यभराचा करार देऊन दोन वर्षांचा घ्यायचा, वर भाडं जास्त.

नाही म्हणायला घरात दोन दिवस लागले. दादा गप्प होते, वहिनी रडल्या. त्या वेळी मला थोडं अपराधी वाटलं, खरं सांगतो, कारण बाल्कनी खरंच छान होती. पण पहिलं पान आधी मागितलं नसतं तर पुढचं काही झालंच नसतं.

साखळी

मेमध्ये लंडनच्या पश्चिमेला स्लाऊचं घर दिसलं. हाउसिंग असोसिएशनचं तीन बेडरूमचं टेरेस म्हणजे ओळीतलं, भिंतीला भिंत लागलेलं घर, मागे बाग, आजी एकट्या. नव्वदच्या दशकातली अशुअर्ड टेनन्सी, आयुष्यभराची, सोशल रेंट. नवरा वारलेला, गुडघे गेलेले, मुलगी ईलिंगला. आजींना हवं होतं तळमजल्यावरचं एक बेडरूमचं घर, मुलीच्या जवळ. आता तिसऱ्या मजल्यावरच्या लिफ्ट नसलेल्या फ्लॅटचं त्या काय करणार? दोघांची गरज एकमेकांना बसत नव्हती, आणि इथंच बहुतेक लोक सोडून देतात.

पण दोघांतच स्वॅप केला पाहिजे असं कायदा कुठं म्हणतो? साखळीही चालते. वहिनींनी शोधाचे सगळे पर्याय बदलून ईलिंगच्या बाजूची, तळमजल्यावरची, एक बेडरूमची घरं चाळायला घेतली, स्वतःसाठी नव्हे तर आजींसाठी, रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास. तिसऱ्या आठवड्यात एक जोडपं सापडलं, वेगळ्या काउन्सिलचे सिक्युअर भाडेकरू, बायकोला पाचवा महिना, तिची आई हॅरोला. बाळासाठी दुसरी खोली हवी, जिन्याचं वावडं नाही. आजी त्यांच्या घरात, ते वहिनींच्या घरात, वहिनी आजींच्या घरात. त्या रात्री वहिनींनी मला वहीच्या कागदावर तीन घरं आणि तीन बाण काढलेला फोटो पाठवला, खाली फक्त "जमलं!!"

जमलं नव्हतं अजून.

स्लाऊ दादांना हीथ्रोला जवळ पडतं, एलिझाबेथ लाइनची ट्रेन दारात, हा फायदा उघड होता. तोटा दादांनीच काढला: "काउन्सिलचं घर पुढेमागे विकत घेता येतं ना, राइट टू बाय? असोसिएशनचं येत नाही." बरोबर होतं. आजींच्या अशुअर्ड टेनन्सीत तो हक्क नव्हता, म्हणजे तो सोडावा लागणार. मराठी माणसाला 'आपलं घर' सोडवत नाही, त्यामुळे यावर आम्ही चांगला तासभर बसलो. नोव्हेंबर २०२४ पासून सरकारनं जास्तीत जास्त सवलत भागाप्रमाणे १६ हजार ते ३८ हजार पौंडांवर आणलीय, लंडनच्या बहुतेक भागात १६ हजारच. हॅरोच्या फ्लॅटची बाजारातली किंमत वजा १६ हजार, असा आकडा कागदावर लिहून दादांपुढे सरकवला. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, चला, स्लाऊ.

कागद आणि बेचाळीस दिवस

जूनच्या मध्यात तिघांनी आपापल्या लँडलॉर्डकडे अर्ज टाकले. कायद्यानं सिक्युअर भाडेकरूला ४२ दिवसांत उत्तर मिळायला पाहिजे. ते नाही दिलं तर लँडलॉर्डला नंतर यादीतली कारणं पुढे करून नकार देता येत नाही. पण याचा अर्थ परवानगी आपोआप मिळाली असा होत नाही, आणि ही चूक लोक फार करतात.

दोघांनी वेळेत तपासणी केली, तिसरा लँडलॉर्ड म्हणाला की अर्ज अपूर्ण होता, दिवस अजून मोजायला सुरुवातच केलेली नाही. कोणता लँडलॉर्ड ते सांगत नाही. सुदैवानं वहिनींनी तिघांनाही अर्ज ईमेलनं पाठवायला लावले होते आणि पोच जपून ठेवली होती, ती जोडून एक सभ्य पण ठाम पत्र मी लिहून दिलं. नऊ दिवसांत इन्स्पेक्टर आला.

मधल्या काळात जोडपं कंटाळलं. त्यांचं म्हणणं, आपण चाव्या बदलून टाकू, कागद मागून येतील. हा सगळ्यात धोक्याचा क्षण. लेखी परवानगी आणि असाइनमेंटच्या (टेनन्सी एकमेकांच्या नावावर करायच्या) कागदावर सह्या होण्याआधी शिफ्ट झालात तर नव्या घरावर तुमचा हक्क नाही, जुन्या घरात तुम्ही राहत नाही, आणि दोन्हीकडून बाहेर पडायची वेळ येऊ शकते. वहिनींनी त्यांना सेंटरला आणलं, मी तेच त्यांच्यासमोर पुन्हा सांगितलं, थोडं घाबरवलंसुद्धा.

वहिनींच्या काउन्सिलनं परवानगी दिली पण अट घातली, ४१२ पौंड थकबाकी आधी भरा. अशी अट त्यांना घालता येते, थकलेलं भाडं भरा किंवा करार मोडला असेल तर तो दुरुस्त करा, एवढ्याच दोन. बाकीच्या अटींना कायद्यात किंमत नाही. थकबाकी कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. दादांचा पगार दर चार आठवड्यांनी, युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी मदतीचा हिशोब महिन्याचा. त्यामुळे वर्षातून एकदा एकाच महिन्यात दोन पगार पडतात, कॉम्प्युटरला वाटतं माणूस श्रीमंत झाला, आणि त्या महिन्याचं क्रेडिट जवळजवळ शून्य. वहिनींनी मैत्रिणींच्या भिशीतला आपला नंबर पुढे घेतला आणि एका दिवसात पैसे भरले. कुठल्याही बँकेनं इतक्या लवकर दिले नसते.

आजींच्या घराच्या तपासणीत वेगळंच निघालं. मागच्या दाराला त्यांच्या नवऱ्यानं स्वतःच्या हातानं लाकूड आणि प्लास्टिकचे पत्रे मारून छोटी पडवी काढली होती, परवानगी न घेता. असोसिएशन म्हणालं, एकतर पाडा नाहीतर येणाऱ्या भाडेकरूनं जबाबदारी घेतल्याची सही द्या. आजींना ती पाडायची नव्हती, कारण उघड आहे. दादांनी सही केली. मी म्हटलं होतं, आधी कोणाला तरी वर चढून बघू दे. कोणी चढलं नाही.

पाचशे पौंड

ऑगस्टमध्ये जोडप्यानं मेसेज टाकला, आम्ही नवीन कार्पेट घातलंय, आजींकडून पाचशे मिळाले पाहिजेत, नाहीतर आम्ही बाहेर. आजींकडे पैसे नव्हते. वहिनी पटकन म्हणाल्या, मी देते, चाळीत खोली बदलताना पागडी द्यावी लागतेच की.

त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं पागडी घेणं-देणं कायदेशीरच करून टाकलंय, आणि लालबागला वाढलेल्या माणसाला घर हातबदल होताना पाकीट सरकवणं अगदी साहजिक वाटतं. इथं मात्र स्वॅपच्या बदल्यात पैसे घेतले किंवा दिले तर लँडलॉर्डला घर खाली करून मागता येतं, १९८५ च्याच कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तसं सहावं कारण आहे. कार्पेटचे पैसे त्यात बसतात की नाही यावर वकील वाद घालतील, पण तो वाद वहिनींच्या घरावर कशाला? मी त्यांना एवढंच लिहायला सांगितलं की पैसे कोणीच कोणाला देणार नाही, कार्पेट हवं तर उचलून न्या. दोन दिवस शांतता. मग मेसेजवर जोडप्याचा होकाराचा अंगठा आला, आणि कार्पेट त्यांनी तिथंच ठेवलं.

शिफ्टिंगचा दिवस

तारीख ठरवताना ओढाताण झाली. आजींना थंडीच्या आत हलायचं होतं. जोडप्याला बाळंतपणानंतर, आणि त्यांचंही बरोबर होतं: न जन्मलेलं बाळ बेनिफिटच्या हिशोबात धरत नाहीत, तोवर दुसरी खोली 'जादा' ठरते आणि भाड्याच्या १४ टक्के एवढी रक्कम घरभाड्याच्या मदतीतून कापली जाते, ज्याला सगळे बेडरूम टॅक्स म्हणतात. सप्टेंबरच्या शेवटी मुलगी झाली, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातला सोमवार ठरला.

तीन व्हॅन, तीन घरं, आणि पहिलं घर रिकामं झाल्याशिवाय दुसरं भरता येत नाही. प्रत्येक घरात त्याच दिवशी गॅसची तपासणी. स्लाऊला गॅसवाल्यानं आजींनी ठेवून दिलेली जुनी गॅसची शेगडी बघितली, मान हलवली आणि कनेक्शन बंद करून लाल लेबल चिकटवलं. पुढचे चार दिवस मायक्रोवेव्हमध्ये पोहे. आजी निघताना हॉलमधली खुर्ची सोडायला तयार नव्हत्या, त्यांची मुलगी हात धरून उभी होती. वहिनींना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी कुंकवाची डबी उघडली आणि आजींच्या कपाळाला बोट लावलं. आजींनी काही विचारलं नाही, उठल्या.

पुढे काय झालं

तिघांचंही बस्तान बसलं. आजी मुलीकडे चालत जातात. दादांना स्वतःची बेडरूम आहे आणि दिवसा पडदे ओढून झोपता येतं. शाळांचं मात्र आम्ही उशिरा बघितलं. मुलीला जागा लगेच मिळाली, मुलगा तीन आठवडे रोज स्लाऊहून हॅरोला जात होता, बस, ट्रेन, परत बस.

नोव्हेंबरमध्ये मागच्या बेडरूममधलं आजींचं मोठं कपाट हलवलं तर मागे भिंतभर काळी बुरशी. घर बघायला आम्ही तीनदा गेलो होतो आणि तिन्ही वेळा कोणी ते कपाट सरकवून बघितलं नाही, मीपण नाही. वहिनींना वाटलं की स्वॅपमध्ये 'आहे तसं' घर घेतलंय म्हणजे आता बोलता येणार नाही. तसं नसतं. रंग, सजावट, आधीच्यानं केलेले बदल हे तुमच्या पदरात, पण भिंती, छप्पर, पाइप, ओल हे लँडलॉर्डचंच. त्यात २७ ऑक्टोबर २०२५ पासून अवाब्स लॉ लागू झालाय. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये बुरशीच्या घरात दोन वर्षांचा अवाब इशाक गेला, त्याच्या नावाचा. सोशल लँडलॉर्डला ओल-बुरशीचा मोठा धोका कळवला की १० कामाच्या दिवसांत तपासणी करावी लागते, आणि जिवावर बेतेल असं काही असेल तर २४ तासांत. तक्रार लेखी केली, तारखेसकट फोटो जोडले, आठव्या दिवशी माणूस आला. बाहेरची छपराची पन्हळ तुटलेली निघाली.

परत करायचं झालं तर

कपाटं हलवून बघेन, हे आलंच. शाळेचे अर्ज तारीख नक्की झाली त्याच दिवशी टाकायला लावेन. आणि आजींबद्दल एक गोष्ट मला अजून टोचते. मोठं घर सोडून छोट्यात जाणाऱ्या भाडेकरूला बरेच लँडलॉर्ड पैसे देतात, शिफ्टिंगचा खर्चही, पण नेहमीच्या ट्रान्सफरनं गेलं तर, स्वॅपमध्ये बहुधा नाही. आजींनी आपल्या असोसिएशनला आधी विचारायला हवं होतं, आणि ते त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. मी वहिनींच्या बाजूनं बसलो होतो, त्यामुळे माझ्या डोक्यात आलं नाही. किंवा आलं असतं तर साखळी तुटली असती हेही डोक्यात आलं असतं, आणि मग मी काय केलं असतं ते मला नक्की सांगता येत नाही. आता साखळी असेल तर प्रत्येकाला आपापला वेगळा सल्ला घ्यायला सांगतो.

राहिली पडवी. डिसेंबरच्या पावसात ती गळायला लागली, थेट वॉशिंग मशीनवर. वहिनी मला म्हणाल्या, असोसिएशनला पत्र लिहू या का? मी काही बोलायच्या आत दादा शेडमधून शिडी काढत होते, सही त्यांची होती.